घर सोडायचं ठरवलंय, पण सुखरूप निघू कशी? नाशिकच्या बायकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आत्ता या घडीला मारहाण चालू असेल किंवा होईल असं दिसत असेल, तर पुढचं वाचत बसू नका. ११२ लावा, पत्ता सांगा, दाराबाहेर पडा. महिलांसाठीची हेल्पलाइन १८१, मुलांसाठीची १०९८.

आणि हे पान नवऱ्याच्या किंवा दोघांत मिळून असलेल्या फोनवर उघडलं असेल, तर इथेच थांबा. मैत्रिणीच्या, बहिणीच्या, कामावरच्या बाईच्या फोनवर निवांत वाचा.

मी बरीच वर्षं समुपदेशनाच्या टेबलाच्या अलीकडे बसते आहे. पलीकडच्या खुर्चीत सिडकोतली शिक्षिका येते, अंबडच्या कंपनीत पॅकिंगला जाणारी येते, निफाडच्या बागायतदाराची सून येते, पेठ-सुरगाण्याहून एसटीनं आलेली येते. प्रश्न मात्र फिरून तेच असतात. खाली सगळीकडे 'नवरा' लिहिलंय ते सोयीसाठी. तुमच्या बाबतीत तो दीर असेल, सासू असेल, लग्न न करता सोबत राहणारा असेल, नाहीतर सख्खा बापही असेल.

त्याला सांगून निघू का? म्हणजे नंतर 'पळून गेली' असं कोणी म्हणणार नाही.

नको. सगळ्यात आधी हेच सांगते, कारण सगळ्यात जास्त चूक इथेच होते. बाई निघतेय हे कळतं तो दिवस आणि निघाल्यानंतरचे पहिले काही आठवडे, हाच सगळ्यात धोक्याचा काळ असतो. इतके दिवस मारणाऱ्याच्या हातात जे होतं ते सुटतंय हे त्याला त्या क्षणी कळतं. भांडणाच्या भरात 'आता मी जातेच बघ' हे वाक्य तोंडून निघालं की कागद कपाटात कुलूपबंद होतात, फोन काढून घेतला जातो, मुलांना आजीकडे पाठवलं जातं. प्रामाणिकपणा म्हणून सांगणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्यांचा प्रामाणिकपणा खरा होता, पण तो चुकीच्या माणसापुढे खर्ची पडला.

कळवायचंच असेल तर पोहोचल्यावर कळवा. दोन ओळी: मी आणि मुलं सुखरूप आहोत, स्वतःच्या मर्जीनं निघाले आहे. कुठे आहोत ते लिहू नका.

माझ्या जिवाला खरंच धोका आहे, की मीच जास्त मनावर घेतेय?

हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला बहुतेक वेळा उत्तर माहीत असतं, तिला फक्त कोणीतरी दुजोरा द्यायला हवा असतो. काही खुणा अशा आहेत की त्या ऐकल्या की मी हातातलं पेन खाली ठेवते. त्यानं कधी गळा दाबला का? कोयता, चाकू, रॉकेल हातात घेतलं का? 'तुला मारून मीही मरेन' म्हणतो का? पोटुशी असताना मारलं का? कामावर, भाजी बाजारात, माहेरी मागावर येतो का? अलीकडे मार वाढलाय का, दोन प्रसंगांमधलं अंतर कमी झालंय का?

यातलं गळा दाबणं सगळ्यात गंभीर. वळ उठला नाही म्हणून सोडून देऊ नका. आवाज बसणं, गिळताना दुखणं, चक्कर, डोळ्यांत लाल ठिपके असं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आतली इजा काही तासांनी, कधी काही दिवसांनी वर येते. ज्यानं एकदा गळा दाबलाय तो पुढं कुठवर जाऊ शकतो हे गृहीत धरूनच आखणी करा.

तुमच्या घरातल्या माणसाला तुमच्याइतकं कोणी ओळखत नाही. चपला काढण्याच्या आवाजावरून आज काय होणार हे तुम्हाला कळतं. त्या अंदाजावर भरवसा ठेवा.

निघायला अजून महिना-दोन महिने आहेत. तोवर त्याच घरात कशी राहू?

आवाज चढला की स्वयंपाकघरातून बाहेर या. तिथे सुरी आहे, उकळतं तेल आहे, गॅस आहे. बाथरूम नको, आत अडकून पडायला होतं. गच्ची आणि गॅलरीही नको. बाहेरच्या दाराशी किंवा रस्त्याकडच्या खिडकीपाशी राहता येईल असं बघा. दाराची कडी आतून घट्ट बसत असेल तर तिला एखाद्या दुपारी तेल घालून ठेवा.

मळ्यात राहणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. द्राक्षाच्या फवारणीची औषधं घरातच, पडवीत किंवा जिन्याखाली ठेवलेली असतात. 'वास येतो, पोरांचा हात जातो' असं म्हणून ती शेडवर हलवून घ्या. रागात त्याच्या हाती लागू नयेत म्हणून, आणि वाईट रात्री तुमच्या हाती लागू नयेत म्हणूनही. जीव द्यायचा विचार मनात येत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी नंबरावर बोला. मराठीत बोलता येतं.

एका शेजारणीशी खूण ठरवा. 'काकू, विरजण आहे का?' असा निरोप आला की तिनं ११२ लावायचं, वर यायचं नाही. हे दुसरं विशेष बजावून सांगा, नाहीतर ती बिचारी भाबडेपणानं दार वाजवते.

पिशवीत काय भरू आणि ठेवू कुठे?

कपाटाच्या वरच्या फळीवर सुटकेस भरून ठेवायची हे सिनेमात ठीक. तीन खोल्यांच्या घरात सासूला रोज झाडताना ती दिसते.

माझ्याकडे आलेल्या एकीनं केलेली युक्ती मी नंतर कितीजणींना सांगितली असेल. तिनं ओळखीच्या फॉल-पिकोवालीकडे तीन साड्या दिल्या. घडीच्या आत एकेक करून कागद जात राहिले: आज आधारची झेरॉक्स, आठवड्यानं मुलाचा जन्मदाखला, मग पासबुक. पिशवीवर टाचणीनं चिठ्ठी होती, 'फॉल-पिको, ३ नग, घाई नाही.' फॉल-पिकोची पिशवी उघडून बघणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही.

कागदांत तुमचं आणि मुलांचं आधार, पॅन, रेशनकार्डाची झेरॉक्स, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे निकाल, तुमची प्रमाणपत्रं, पासबुक, लग्नाचे एक-दोन फोटो आणि लग्नपत्रिका, आधीच्या तक्रारींच्या किंवा दवाखान्याच्या कागदांच्या प्रती. असेल तर जातीचा दाखला. तो पुन्हा काढताना दमछाक होते. मूळ कागद एकदम हलवले की जागा रिकामी दिसते, म्हणून आधी झेरॉक्स, मूळ शेवटच्या दिवशी. औषधं आठवडाभराची. चष्मा, घराची जादा किल्ली, मुलाचं एक लाडकं खेळणं. नंबरांचा कागद हातानं लिहिलेला, कारण फोन गेला तर आपल्याला एकही नंबर पाठ नसतो.

फक्त स्वतःचं आणि मुलांचं न्या. त्याची चेन, त्याची रोकड, त्याच्या जमिनीचे कागद यांना हात लावू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी चोरीची तक्रार येते. तुमचं स्त्रीधन तुमचंच आहे. माहेरहून आलेलं, लग्नात दोन्हीकडून तुम्हाला दिलेलं, सगळं. नेता येण्यासारखं असेल तर न्या. नसेल तर यादी करा, अंगावर घातलेले फोटो शोधा, सराफाची बिलं मिळाली तर उत्तम. सोन्यासाठी परत त्या घरात शिरू नका. ते कोर्टामार्फत मागता येतं.

फोन त्यानंच घेऊन दिलाय. तो सगळं बघतो असं वाटतं.

वाटत असेल तर बघतोय असंच धरून चाला. बहुतेक वेळा कसली हेरगिरीची विद्या नसते. गुगलचं खातं त्यानंच उघडून दिलेलं असतं, पासवर्ड त्याच्याकडे असतो, मॅपमध्ये लोकेशन शेअरिंग चालू असतं, व्हॉट्सॲप त्याच्या लॅपटॉपवर 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जोडलेलं असतं. बँकेचे मेसेज त्याच्या नंबरावर जातात, म्हणजे कुठल्या एटीएममधून पैसे काढले ते त्याला कळतं. मुलाचा टॅब विसरू नका, तोही त्याच खात्यावर असतो.

आता महत्त्वाचं: हे कळल्यावर घाईनं सगळं बंद करू नका. अचानक पासवर्ड बदलले, हिस्टरी कोरी झाली की तोच त्याच्यासाठी इशारा ठरतो. जुना फोन होता तसा वापरत राहा. रेसिपी बघा, बहिणीशी गप्पा मारा. निघण्याची बोलणी दुसऱ्या फोनवरून करा: मैत्रिणीच्या, कामावरच्या, किंवा तुमच्या आधारवर घेतलेल्या नव्या सिमच्या साध्या बटणाच्या फोनवरून. तो फोन घरी आणू नका.

निघाल्या दिवशी जुना फोन बंद करा, सिम काढा, पण फेकू नका. त्यात धमक्यांचे मेसेज आहेत.

हातात रुपया नाही. पगारही तोच घेतो.

पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, नोकरी सोडायला लावणं याला कायद्यात 'आर्थिक हिंसा' असं नाव आहे. तक्रारीत ते वेगळं लिहा.

तयारी बारीक-बारीक करावी लागते. बचत गटात हप्ता भरत असाल तर शिल्लक किती, उचल मिळते का ते अध्यक्षताईंना एकटं गाठून विचारा. भिशी असेल तर नंबर मागून लवकर घ्या. साठवलेले पैसे पिठाच्या डब्यात नकोत. ती जागा सगळ्या नवऱ्यांना माहीत असते.

नवं खातं आत्ताच्या बँकेत न उघडता दुसऱ्या बँकेत उघडा. मिनिमम बॅलन्स परवडत नसेल तर जनधन खातं चालतं. मोबाइल नंबर नवा द्या, पासबुक टपालानं न मागवता हातात घ्या. लाडकी बहीणचे १,५०० रुपये ज्या खात्याला आधार जोडलेलं असतं तिथे पडतात. नव्या बँकेत आधार सीडिंगचा अर्ज दिला की ते तिकडे वळतात. पण आधारला नवऱ्याचा मोबाइल नंबर असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातील. म्हणून आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदला. त्यासाठी जुन्या नंबरावरचा ओटीपी लागत नाही, तुमचं बोट लागतं. हे सगळं निघायच्या आदल्या आठवड्यात करा, दोन महिने आधी नको. पैसे यायचे थांबले की चौकशी सुरू होते.

मुलांना सोबत नेलं तर अपहरणाची केस होईल का?

आई स्वतःच्या मुलांना घेऊन निघाली म्हणून लगेच गुन्हा होत नाही. हिंदू कायद्यात पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडेच असावा असं म्हटलंय. मात्र कोर्टाचा ताब्याबद्दल आधीच काही आदेश असेल तर वकिलाशी बोलल्याशिवाय पाऊल उचलू नका. मुलं मागे ठेवून 'नंतर नेईन' हा बेत शक्य तोवर टाळा. नंतर भेटही होऊ देत नाहीत.

लहान मुलांना बेत आधी सांगू नका. खोटं शिकवायचं नाही म्हणून नव्हे, त्यांच्यावर ते ओझं नको म्हणून. 'आई-बाबांच्या मध्ये पडायचं नाही, शेजारच्या आजीकडे पळायचं, ११२ लावायचं' एवढं मात्र त्यांना पाठ असू द्या.

शाळेचं टेन्शन घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या मुलाला दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेत मुख्याध्यापकांना लेखी सांगा की नव्या शाळेचं नाव कोणाला देऊ नये. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून त्याच दिवशी बाहेर पडा.

निघायचं कधी आणि कसं?

तो घरात नसेल तेव्हा, दिवसाउजेडी, नेहमीच्या कामाच्या निमित्तानं. तो सातपूरला पहिल्या पाळीला असेल तर सकाळ तुमची. दळण, शाळेची मीटिंग, लसीकरण अशा, रोज होऊ शकणाऱ्या कारणानं निघा. मोठी बॅग नको.

शोधायला निघालेला माणूस आधी सीबीएस आणि ठक्कर बाजार बघतो, मग महामार्ग स्टँड, मग नाशिकरोड स्टेशन. पुण्याकडे जायचं असेल तर सिन्नरपर्यंत जाऊन तिथून गाडी धरलेली बरी. आरक्षण नको, कंडक्टरकडून रोखीनं तिकीट काढा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच हातभार. घराच्या कोपऱ्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला टाळा. तो वाईट नसतो, बोलका असतो.

ठरलेल्या दिवशी काही वेगळं वाटलं, तो लवकर घरी आला, सासूनं दोनदा विचारलं, तर बेत पुढं ढकला. दळण दळून परत या.

माहेरी जागा नाही. 'पडलीस तिथंच नांद' म्हणतात. मग कुठे जाऊ?

माहेर हा पत्ता त्याला ठाऊक असतो, त्यामुळे जागा असली तरी पहिले काही दिवस ते नेहमीच योग्य ठिकाण नसतं.

सखी वन स्टॉप सेंटर ही केंद्राची योजना २०१५ पासून आहे. एकाच छताखाली तात्पुरता निवारा, दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन. तिथे साधारण पाच दिवस राहता येतं. पुढचा मुक्काम लांबला तर शक्ती सदन, म्हणजे अडचणीतल्या बायकांसाठीचा सरकारी निवारा, आणि नोकरी असेल तर सखी निवास, म्हणजे नोकरदार बायकांचं वसतिगृह. जागा आहे का आणि जायचं कसं हे १८१ वर विचारा. किती वर्षांपर्यंतचं मूल सोबत ठेवू देतात हे आधीच विचारून घ्या. थोडा मोठा मुलगा असलेल्या आया इथेच अडकतात. हा नियम मला कधीच पटलेला नाही, पण तो आहे आणि दारात गेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा.

तो 'मिसिंग' दाखल करेल. पोलीस मला धरून परत नेतील का?

तुम्ही १८ वर्षांच्या वर असाल तर नाही. बेपत्ताची तक्रार आली की पोलिसांचं काम तुम्ही सुखरूप आहात एवढं बघणं आहे. त्याच्या आधी तुम्हीच हालचाल करा. जिथे पोहोचलात तिथल्या जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या: मी स्वखुशीनं, त्रासामुळे घर सोडलं आहे, मला कोणी पळवलेलं नाही, माझा सध्याचा पत्ता नवऱ्याला किंवा नातेवाइकांना देऊ नये. जबाब द्या आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या, म्हणजे शिक्का, सही, तारीख. बायका अर्ज देतात आणि पोहोच न घेता येतात. शिक्क्याचा तो कागद पुढे दहा ठिकाणी कामी येतो.

पोलीस म्हणतात, 'घरातलं भांडण आहे, समजुतीनं घ्या.'

म्हणतात खरं. माझ्यासोबत आलेल्या एका ताईला ठाण्यात अडीच तास बसवून शेवटी 'साहेब बंदोबस्ताला गेलेत' असं ऐकवलं गेलं होतं. म्हणून एकटं जाऊ नका आणि तोंडी सांगून परत येऊ नका. अर्ज लिहूनच न्या.

एक-दोन थपडांची तक्रार असेल तर बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद होते. तिला कमी लेखू नका. नंबर आणि प्रत घ्या. अशा तीन एनसी तीन वर्षांत असतील तर कोर्टात त्यांची साखळी बोलते. छळ गंभीर असेल तर एफआयआर. पूर्वीचं ४९८-अ आता, १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, 'आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही. तुम्ही सासर सोडून जिथे आसरा घेतलाय तिथेही छळाची तक्रार चालते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. एफआयआरची प्रत मोफत मिळते.

शहरात पोलीस आयुक्तालय आणि तालुक्यांत ग्रामीण पोलीस अशी नाशिकची वाटणी आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर शहरात आयुक्तांकडे, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा, पोस्टानं, पोचपावतीसह.

कोर्टात गेलं तर नेमकं काय मिळतं? वकिलाला पैसे कुठून आणू?

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा हा शिक्षेपेक्षा संरक्षणाचा कायदा आहे, आणि ते बऱ्याच जणींना माहीत नसतं. 'मला त्याला तुरुंगात टाकायचं नाहीये, फक्त त्यानं जवळ येऊ नये' असं म्हणणाऱ्या बाईसाठीच तो आहे. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे होतो. त्यानं मारू नये, कामावर किंवा मुलांच्या शाळेत येऊ नये, फोन करू नये असा संरक्षण आदेश, राहत्या घरातून न काढण्याचा आदेश किंवा वेगळ्या घराचं भाडं, खर्चाला पैसे, मुलांचा तात्पुरता ताबा, भरपाई. धोका असेल तर त्याला ऐकून न घेताही तात्पुरता आदेश देता येतो. आदेश मोडला तर तो गुन्हा: एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा असं कायद्यात आहे. कागदावर. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा तात्पुरत्या आदेशावर जोर द्या.

तुम्ही सध्या तात्पुरत्या राहताय तिथल्या कोर्टातही अर्ज चालतो.

अर्ज भरून द्यायला संरक्षण अधिकारी असतात, महिला व बालविकास विभागाच्या. त्यांच्याकडे जाल तेव्हा घरगुती घटनेच्या अहवालासोबत नमुना ५ मागा. २००६ च्या नियमांत 'सुरक्षा आराखडा' या नावाचा तो फॉर्मच आहे: कसली हिंसा झाली, पुढं कसली भीती वाटते, त्यावर काय उपाय हवा. तुम्ही भाकरी थापताना मनात जे आखत होतात ते सरकारी कागदावर लिहायची ही जागा. माझा अनुभव असा की मागितल्याशिवाय तो कोणी पुढे करत नाही.

वकील मोफत मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज द्यायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा.

घर सोडलं की हक्क गेला असं सगळे म्हणतात.

चूक. छळामुळे निघालात तर पोटगीचा, राहण्याचा, स्त्रीधनाचा हक्क तसाच राहतो. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून सुनेला काहीच हक्क नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये खोडून काढलंय. त्याच्या वकिलाची 'नांदायला ये' अशी नोटीस येईल. घाबरू नका, पण फाडूनही टाकू नका. उत्तर वकिलामार्फत द्या.

पुरावा काय ठेवू? मार बसताना कोण फोटो काढतं?

कोणीच नाही. नंतरचं चालतं. सिव्हिलला गेलात की केसपेपरवर डॉक्टर विचारतात, 'कसं लागलं?' इथे आपण हमखास म्हणतो, बाथरूममध्ये पडले. तेच लिहिलं जातं, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत समोरचा वकील तेच वाक्य वाचून दाखवतो. नवरा शेजारी उभा असेल तर ड्रेसिंगच्या निमित्तानं आत जा आणि नर्सला सांगा. 'नवऱ्यानं मारलं' असं लिहून घ्या, एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मारहाणीची नोंद, करायला सांगा.

वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त काळा पडतो, तेव्हा पुन्हा फोटो काढा, एका फोटोत चेहरा दिसू द्या. मेसेज पुढं पाठवा, पण मूळ फोनही जपून ठेवा, कोर्ट मूळ मागू शकतं. वहीत तारीख, वेळ, काय झालं, कोणी ऐकलं. तीन ओळी पुरतात. वही घरात ठेवता येत नसेल तर दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबात खूण करा. एकीनं खाड्यांच्या खुणांमध्ये छोटे त्रिकोण काढले होते. दूधवाल्याचे खाडे वेगळे, तिचे वेगळे.

आमच्या लग्नाची नोंद नाही. कायदा लागू होतो का?

होतो. लग्नासारखं एकत्र राहणं पुरतं. धर्म-जमात आड येत नाही. विधवा वहिनी, अविवाहित बहीण, म्हातारी आई यांनाही तो लागू आहे.

जातीची बैठक बसणार आहे. न गेले तर माहेरच्यांना वाळीत टाकतील.

महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, ३ जुलै २०१७ पासून लागू. बहिष्कार टाकणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जातपंचांनी लिहून घेतलेल्या काडीमोडीच्या कागदावर सही करू नका, त्यात बहुधा पोटगी सोडल्याचं एक वाक्य दडलेलं असतं. घरच्या चार मोठ्यांची बैठक ही वेगळी गोष्ट. तिथेही एकटं जाऊ नका, आणि त्याच्या घरी नको.

निघाले. आता पुढे?

पहिले काही आठवडे तो रडेल, पाया पडेल, मुलाच्या वाढदिवसाचं निमित्त काढेल, मग धमकी देईल. कधी एकाच दिवसात सगळं. एकट्यानं भेटायला जाऊ नका, 'फक्त पाच मिनिटं, कॉलेज रोडला कॉफी' हेही नको. कामाची वेळ किंवा रस्ता बदलता आला तर बदला. गेटवरच्या सिक्युरिटीला त्याचा फोटो दाखवून ठेवा. लाज वाटते, पण तोच माणूस उपयोगी पडतो. स्टेटसला नव्या खोलीचा फोटो टाकू नका. खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकीसुद्धा पत्ता सांगते. कोर्टाच्या तारखेला सोबत न्या आणि निघताना त्याला आधी जाऊ द्या.

मी तिची शेजारीण आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतं. मी काय करू?

११२ तुम्हीही लावू शकता. त्याला समजवायला जाऊ नका, त्याचा राग तिच्यावर निघतो. ती एकटी भेटेल तेव्हा एवढंच: 'मला ऐकू येतं. लागलं तर माझं दार उघडं आहे.' 'तू सहन का करतेस?' हे विचारू नका. आणि तिनं पिशवी ठेवायला दिली तर ठेवून घ्या, आत काय आहे विचारू नका.

मी एकदा निघाले होते आणि परत गेले. आता पुन्हा कोणत्या तोंडानं मदत मागू?

त्याच तोंडानं. एका फटक्यात कायमच्या बाहेर पडणाऱ्या बायका कमी. मुलाची परीक्षा असते, सासरे अंथरुणावर असतात, त्यानं देवाची शपथ घेतलेली असते, खोलीचं डिपॉझिट जमलेलं नसतं. आधीचा अर्ज, एनसी, केसपेपर काही वाया जात नाही, ते तसंच पुढं वापरता येतं. कोणी 'मागच्या वेळी सांगितलं होतं ना' असं म्हणालं तर दुसरीकडे जा, पण जा.

ती फॉल-पिकोची पिशवीवालीही दिवाळीला परत गेली होती. कागद घरी नेले, साड्या नेसून झाल्या. संक्रांतीनंतर दुकानात पुन्हा तीन साड्या आल्या, चिठ्ठी जुनीच टाचलेली: 'फॉल-पिको, ३ नग.' 'घाई नाही' एवढं फक्त पेनानं खोडलेलं होतं.